मोनालीच्या बाटलीत मी तुरटी फिरवली

मनीषनगर, नागपूर

लाडक्या इंदूले,
थोरल्या बहिणीचा जयभीम.

आधी आले मोनालीचे सर, मागून तिची मैत्रीण अदिती. मी पोहे टाकले, अन् तेवढ्यात माही अब्रू गेली वं.

माही नात झिंक ऑक्साईडचे कण बनवते, डोळ्याले दिसत नाही इतके बारीक. भट्टी काहून नाही लागत म्हणून विचारलं, तं म्हणे कोमट पाण्यातच होते. तीन दिवसांपासून बाटली घरीच कोमट पाण्यात ठेवली होती. सर तेच पाहाले आले होते.

मले वाटलं, पाणी गढूळ झालं. सकाळीच तुरटी फिरवली, आपण माठात फिरवतो तशी. पाणी नितळ झालं, अन् पोरीची मेहनत बुडाशी बसली.

"हे कोणं केलं?" सरांनी विचारलं.

"म्या जी," मी पदराआडून बोलली.

मोनाली रागावली नाही. "आजी वं, ते गढूळच पाहिजे होतं," एवढंच म्हणाली. तेच जास्त लागलं.

तुहे गुडघे कसे आहेत? गावात हे सांगू नको.

सर पोहे खाऊन हसले, "नव्या बाटलीवर आता पहारा आजीचाच." मोनालीनं नवी बाटली ठेवली, तवापासून मी बाटलीजवळच बसून आहो, तिच्यावरची धूळही पुसली नाही. सर गुरुवारी ते पाहाले येतो म्हणून गेले आहेत.

तुही बाई