दोन रेघांची पिन

धारूर, गुरुवार दुपार

प्रिय भागवत,

हे पत्र बजरंग काकांच्या जीवनच्या हाती देतेय. तो आज संध्याकाळच्या एस.टी.नं निघेल आणि उद्या सकाळी तुझ्या कंपनीच्या गेटवर उभा असेल. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. येत्या सोमवारी तात्यांच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत. पुढं श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. आवाज राहणार नाही. माणूस राहील, असं डॉक्टर म्हणतात.

दवाखान्यात मोहिनी मॅडम आहेत. आवाज गेलेल्यांना बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, ज्यांना लिहिता येतं ते पाटीवर लिहितात, यांना येत नाही. तेव्हा आवाज आहे तोवर रेकॉर्ड करून आणा. पाणी, दुखतंय, नको, आईला मारायची हाक. एक छोटा स्पीकर मिळतो, बटण दाबलं की त्यांच्याच आवाजात वाजतो. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मेंढरांस्नी कळंल का त्ये?" मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, स्वच्छ असेल तर कळेल, माइक तोंडाजवळ हवा, मोबाइलवर घेऊ नका, वाराच जास्त येतो.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. बजरंग काकांनी पंधरा दिवस कळप नेऊन पाहिला. त्यांची हाळी ऐकून मेंढरं मान वर करतात आणि पुन्हा चरायला लागतात. ऐंशी जनावरं, त्यांना तात्यांचाच आवाज माहीत. तो राहिला नाही तर कळप दुसऱ्याच्या हाती जाईल, आणि मग तात्या सकाळी कशासाठी उठतील ते मला माहीत नाही.

शाळा बंद होत्या त्या वर्षी ऑनलाइन शिकवायला घेतलेला कॉलर माइक माझ्याकडे होता, लांब वायरचा. तेव्हा तो मोबाइलला लावायचे. लॅपटॉप नंतर घेतला. गेल्या रविवारी तात्यांना खोलीत बसवलं. पाणी म्हणाले, नको म्हणाले. आई चुलीपासून म्हणाली, "माझ्यावर वरडल्यालं बी घे बाई त्यात, न्हाईतर घर सुनं लागंल." तात्या हसले आणि खोकला लागला. हाळी द्या म्हटलं तर मानेनंच नको म्हणाले. मी दोनदा सांगितलं. मग म्हणाले, "रिकाम्या जागंला हाळी देऊ? एकडाव खोटं बोलावलं तर दुसऱ्या डावाला येतील का ती?" मेंढरं पार तिकडं वाड्यात, वाघुरीच्या जाळीत होती. तरी नाही म्हणाले ते नाहीच. तुला माहीत आहे हे. हाळी दिली की पुढं पाणी असलं पाहिजे, नाहीतर चारा.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वाघूर उघडायच्या वेळेला घ्यायचं ठरलं. लॅपटॉप आत बाजेवर ठेवला, चूल जवळ होती. वायर खिडकीतून बाहेर काढली आणि माइक तात्यांच्या मुंडाशाच्या सुटलेल्या टोकाला, हनुवटीखाली लावला. पिन लॅपटॉपला घातली. एकच भोक आहे त्याला, ऐकायचं आणि बोलायचं एकच. माइक घातला की कानात लावायला जागा उरत नाही, म्हणजे काय येतंय ते मला ऐकता येत नव्हतं. पडद्यावर हिरवी रेघ हलत होती. ती हलते म्हणजे येतंय, असं मी धरलं.

तात्यांनी त्या सकाळी जे केलं ते मी आजवर पाहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी आवाज जपून वापरा म्हणून बजावलेलं होतं. त्यांनी तो जपून ठेवला होता, एरवी आठवडाभर खुणेनं पाणी मागत होते. त्या सकाळी सगळा काढला. पाण्याची हाळी, परतायची हाळी, लांडग्याची, मागं राहिलेल्या कोकराची. नुसत्या हाळीवर कळप ओढ्यापर्यंत धाडला, तिथून वळवून आणला, पुन्हा धाडला. प्रत्येक वेळी वायर पुरेल एवढ्या अंतरावर उभं राहून. मेंढरं येत होती. मीच म्हणाले, तात्या, आणखी एकदा. तीनदा म्हणाले मी, आणखी एकदा.

दुपारी लावून ऐकलं. आईच्या बांगड्या. फुंकणीचा आवाज. लॅपटॉपचा पंखा. माझं 'आणखी एकदा' अगदी स्पष्ट. तात्या कुठंतरी भिंतीपलीकडं, कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय एवढंच कळावं इतके लांब.

मंगळवारी शाळेला सुट्टी टाकून केजला गेले. स्टँडसमोर बंकट नावाचा मोबाइल दुरुस्तीवाला आहे. त्यानं पिन नखावर धरून दाखवली. "मॅडम, हिच्यावर दोन काळ्या रेघा हायत. तुमच्या लॅपटॉपला तीन रेघांची पिन लागती. दोन रेघा बघून त्याला वाटलं हेडफोनच लावला. माइक तो सोताचाच वापरत बसला." म्हणजे शाळेच्या त्या वर्षीही मोबाइल स्वतःचाच माइक वापरत होता, तोंडासमोर होता म्हणून मला कळलं नाही. मग म्हणाला, "येवढं शिकल्याली मान्सं तुमी, आधी दहा सेकंद घिऊन बघाय न्हाई का?" त्यानं खणातून एक छोटा तुकडा काढला. एका टोकाला तीन रेघांची पिन, दुसऱ्या टोकाला दोन भोकं, एक माइकचं, एक कानाचं. काम एवढंच होतं.

काल सकाळी सगळं बरोबर लावलं. आधी दहा सेकंद घेऊन पाहिले. कानात लावून बसले. वाघूर उघडली, तात्यांनी तोंड उघडलं आणि हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मेंढरं त्यांच्याकडं बघत उभी राहिली, एकही हललं नाही. माइक इतका चांगला होता की श्वास कुठं अडकतो तेही मला ऐकू येत होतं. तात्यांनी माइक स्वतः काढला, वायर गुंडाळून माझ्या हातात दिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ओरडायला आता काही नाही.

मोहिनी मॅडमना फोन केला. म्हणाल्या, आवाज सुजला असेल, सोमवारपर्यंत परत येईल असं सांगता येत नाही. जुनं काही असेल तर शोधा, अगदी स्वच्छ नसलं तरी, आम्ही साफ करून बघू. आम्ही घर धुंडाळलं. रोज समोर असलेल्या माणसाचा आवाज कोण साठवून ठेवतं? जीवनच्या हळदीचा व्हिडिओ सापडला, त्यात तात्या जेवताना दिसतात आणि वर गाणं वाजतं.

भागवत, अमरसिंह मालकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती आणि ती उभ्या ज्वारीत शिरली, तेव्हा तात्यांनी तुला सगळ्यांसमोर काठीनं मारलं. सव्वीस वर्षांच्या माणसाला. जाळी तू सोडली नव्हतीस, मालकांच्या गड्यानं सोडली होती, हे चार दिवसांनी कळलं. तोवर तू गेला होतास. मी तेव्हा मध्ये पडले नाही. ते राहिलंच आहे, आणि आज त्याबद्दल लिहायला माझ्याकडे वेळ नाही.

तात्या तुला फोनवर बोलून निरोप पाठवायचे. मीच बटण दाखवलं होतं. मेंढरं चारताना लांब जाऊन बोलायचे, काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन हौदात पडून गेला. त्याच्या आधी मी एकदा पाहिले होते, एकतीस निरोप. तुझ्याकडे पोचल्याच्या खुणा होत्या, एकही ऐकल्याची नव्हती. तात्यांना खुणा वाचता येत नाहीत. मी त्यांना सांगितलं नाही. ते बोलता बोलता मध्येच हाळी देतात, कळप सोबत असला की त्यांना राहवत नाही. त्या एकतीसांत पाण्याची हाळी असणार. परतायचीही असेल. फोन बदलला नसशील, पुसलं नसशील, एवढ्या एका भरवशावर मी जीवनला पाठवतेय. त्याच्याजवळ लॅपटॉप आणि वायर दिली आहे. फोन पंधरा मिनिटं त्याच्या हातात दे, तो काढून घेईल. तू ऐकलंच पाहिजेस असं नाही. पण ऐकलंस आणि सोमवारच्या आधी काही बोलावंसं वाटलं, तर माझ्या नंबरावर बोल, मी फोन त्यांच्या कानाला लावीन. त्यांना ऐकू चांगलं येतं.

तुझीच,
योगिताताई