अंजनाला आलेली हाक

१० मार्च १९५७, बोरी बुद्रुक
अंजनाशी पाट लावला. विधवेच्या या दुसऱ्या लग्नाला लागलं ते असं : एक लुगडं, दोन नारळ, वीस माणसांचं जेवण, आणि त्याआधी तीन वर्षं स्वतः थापलेल्या वाकड्या भाकरी. एक कोंबडं वाचलं. पाटाची बायको घरात घेण्याआधी तिच्या मेलेल्या नवऱ्याला शिवेवर कोंबडं द्यावं लागतं, नाहीतर तो मागं येतो, असं कुशाबा पाटील सांगत होते. मी म्हटलं, पाटील, त्याला आता रस्सा काय करायचाय! मंडळी हसली. अंजनाच्या मेलेल्या नवऱ्याच्या, धर्माजीच्या आईनं, ठमाबाईनं, माझ्या हातावर गूळ ठेवला. आता तिच्याच घरी राहायचं. म्हातारीला दुसरं कोणी नाही.

१२ मार्च
जुन्नरला सत्तार मिस्त्रींकडं इंजिनं धूत धूत मिस्त्री झालो. न उघडता, आवाजावरून इंजिनाचा रोग सांगतो. तालुक्यात असे कान दुसरे नाहीत. दिवाळीत इथल्या विहिरीवरचं इंजिन बघायला आलो, तर अंजना म्हणाली, मिस्त्री, इंजिन बरं झालं, पण सदऱ्याला बटण न्हाई. माझी पहिली बायको साळू गेल्यापासून असं कोणी रागावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी इंजिन ठणठणीत असताना पुन्हा आलो.

१५ मार्च
दुपारी वाढता वाढता अंजना ‘आले, जी’ म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन विहिरीकडं गेली. परतल्यावर विचारलं, कोणी बोलावलं? म्हणाली, तुमीच की. माझ्या तोंडात घास होता.

१९ मार्च
पुन्हा भर दुपारी. या वेळी कुत्रंही शेपूट हलवत धावलं. ठमाबाई पाखडायची थांबली. म्हणाली, लई तहानलाय गं, जा. मी इंजिन बंद करून कान दिला. नदीपलीकडच्या धुण्याचा आवाज आला. हाक नाही.
कुशाबांनी सांगितलं, दोन उन्हाळ्यांमागं धर्माजीनं विहिरीवरून पाणी मागितलं. अंजना दळत होती. उशिरा गेली. तोवर तो आत पडला होता.

२१ मार्च
कोंबडं घेऊन शिवेवर गेलो. कुशाबा म्हणाले, आता कशाला, राव? तो घरात आलाय. शिव मागं राहिली.

२३ मार्च
गाव सोडायला बैलगाडी जुंपली. अंजना स्वतःहून बसली. रडून म्हणाली, मला बी न्हाई ऱ्हायचं, पण हाक आली की पाय माझे ऱ्हात न्हाईत. ओढ्यापाशी उडी टाकून मागं धावली. विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर धरली.

२४ मार्च
माझा डावा हात तिच्या हाताला बांधलाय. तिच्या कानांत कापूस. ठमाबाईनं तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवलाय —

बारा वाजले. कुत्रं उठलं. म्हातारी हसतेय —

अंजना गाठ सोडतेय. मी ओढतोय, तरी — विचारलं, कुठून हाक मारतोय? म्हणाली, एवढ्या मोठ्यानं तर — तुमच्या मागंच की —

मला काहीच ऐकू येत