पत्र्याच्या हॉलमधला घुमारा

दादा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी मी मनात तुमच्याशी भांडतेच. बापलेकीचं हे भांडण त्या वाकळांचं. केजच्या पत्र्याच्या मंगल कार्यालयात आमच्या शाळेचं गॅदरिंग, लाऊडस्पीकर तुमचा, आणि तुम्ही घरातल्या सगळ्या वाकळा, जुन्या कपड्यांच्या त्या गोधड्या, टेम्पोत घालून आणलेल्या. मागच्या भिंतीवर तुम्ही त्या टांगताय आणि अख्खा नववीचा वर्ग बघतोय. एकीवर तर माझ्या जुन्या फ्रॉकचं ठिगळ! मी दातओठ खात म्हणाले, "दादा, काढा ना त्या." तुम्ही खिळा ठोकता ठोकता खेकसलात, "कावून? आवाज भिंतीवर आपटून माघारी येतोय, बोलणाऱ्याचं बोलणं कळंना. लोक काय तुझा फ्रॉक बघायला यायलेत का?" वर मलाच कामाला लावलंत. पुढं लुगड्याचा पातळ धडपा, त्याच्या मागं एकेरी वाकळ, सगळ्यात जाड ती भिंतीला चिकटून. "एकदम जाड लावली की तीबी भिंतच झाली की गं. आवाजाला कळूच न्हाई पायजे, कुठं संपलं ते."

आता मी उजेड कोंडायच्या जागा बनवते, दादा. हसू नका. सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्यात केसाहून कितीतरी बारीक भोकांच्या रांगा पाडायच्या आणि मधली दोन-तीन भोकं पाडायचीच नाहीत. त्या मोकळ्या जागेत उजेड घुमत राहतो. हे बनवायला लई महाग पडतं, म्हणून आधी संगणकावर करून बघायचं. जागेचे बारीक चौकोन करायचे, वेळेचे बारीक तुकडे, आणि प्रत्येक चौकोनात पुढच्या क्षणाला उजेड किती ते काढत जायचं. पण संगणकातली जागा कुठंतरी संपतेच. तिथं कडेला उजेड गिळणारा थर द्यावा लागतो.

पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी माझ्या आलेखावर सुईसारखं टोक आलं; टोक जितकं बारीक, तितका उजेड जास्त वेळ कोंडलेला. आमच्या आधीच्या कुठल्याही रचनेत उजेड इतका वेळ टिकला नव्हता. सर खूश, पेपर लिहून तयार, प्रयोगशाळेत पेढेसुद्धा वाटून झाले. त्या पेपरवर माझी नोकरी ठरणार होती. मला मात्र ते टोक जरा जास्तच देखणं वाटायला लागलं, आणि एका दुपारी मी संगणकातली ती कड थोडी लांब सरकवली. टोकही सरकलं. पुन्हा सरकवली, पुन्हा सरकलं. खरा कोंडलेला उजेड असा कशाला हलेल? तो माझ्याच कडेवर आपटून माघारी येत होता. गणित लवकर उरकावं म्हणून मी तो थर मोजक्याच चौकोनांत, पहिल्यापासूनच एकदम दाट दिला होता. अगं बाई, म्हटलं, ही तर भिंतच झाली!

सरांना सांगितलं. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "फेलोशिप संपत आलीय तुझी. पेपर नक्की मागे घ्यायचा?" मी हो म्हणाले आणि बाहेर येऊन जिन्यात रडले. मग कडेचा थर हळूहळू दाट होत जाईल असा केला आणि सात महिने सगळं गणित पहिल्यापासून केलं. उत्तर पहिल्यापेक्षा बरंच लहान आलं. पण रचना खरोखर बनवून उजेड मोजला, तेव्हा मोजमाप माझ्या आकड्याच्या अगदी जवळ पडलं. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला, दादा, आणि तुमचा त्याहून जास्त.

हे पत्र कुठं टाकणार? या वहीतच राहील. पण एक सांगायचंय. गेल्या आठवड्यात वर्गात हाच थर शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" म्हटलं, "माझ्या वडिलांनी." "कुठं शिकवायचे सर?" म्हटलं, "केजला." पोरांनी आदरानं माना डोलावल्या. तुम्ही सातवी शिकलेले, लग्नाकार्यात भोंगे लावणारे, हे सांगायची लाज नव्हती हो, शपथ. पण तिनं तुम्हाला 'सर' म्हटलं, आणि ते इतकं गोड लागलं की मी दुरुस्त केलंच नाही.