लाटांपलीकडची दोन डोकी

प्रिय वर्डेल,

रॉस्को गेल्यावर तू मला पत्र लिहिलंस, त्याला दोन वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. तुझा राग नव्हता, मत्सर होता. आज तो सरळच लिहिते.

लग्नानंतर चाळीस वर्षं दर ऑगस्टात रॉस्कोबरोबर येऊन मी तुमच्या गावच्या किनाऱ्यावर छत्रीखाली बसले. पायांत बूट, मांडीवर पुस्तक, पुस्तकावर तुम्हा सगळ्यांची घड्याळं. तू पाण्यातून ओरडायचीस, "अगं, मिठाची आहेस का विरघळायला?" मी म्हणायचे, "सकाळीच तापल्या कंगव्याने केस सरळ केलेत. परत कोण करणार, तू?" सगळे हसायचे. रॉस्को म्हणायचा, "राहू दे तिला." मग तुम्ही दोघं लाटांपलीकडे जायचात आणि मला फक्त दोन डोकी दिसायची, जवळजवळ. कधी अर्धा अर्धा तास. काय बोलत असतील? परतताना गाडीत विचारलं की तो म्हणायचा, "काही नाही गं." त्या 'काही नाही'वरून मी एकदा आठवडाभर अबोला धरला होता.

केसांचं कारण खोटं होतं. मी नऊ वर्षांची असताना कोर्टाने सांगितलं, आमच्या गावच्या पोहण्याच्या तलावात काळ्या मुलांनाही उतरू द्या. आईने तिच्या निळ्या झग्यातून मला पोहण्याचा पोशाख शिवला. आणि आमच्याबरोबर पोहण्यापेक्षा गोऱ्यांच्या गावाने तलावच बुजवला. माती वाहायला नगरपालिकेचे मजूर लावले, त्यांत माझे वडील होते. संध्याकाळी पायरीवर बसून बूट झाडत ते म्हणाले, "पोरी, आता कुणीच पोहणार नाही." आईने त्या पोशाखाची उशीची खोळ केली. पाणी आपलं नाही, हे मी त्या खोळीवर डोकं ठेवून शिकले.

तुमचा किनारा तुझ्या आजोबांनी विकत घेतलेला. तुला कुणाची परवानगी लागली नाही. पाचव्या वर्षी बापाने होडीतून पाण्यात फेकलं, हे तू हसत सांगायचीस, आणि मी त्या फेकण्यावरही जळायचे. मध्यंतरी वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं, की पूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपल्या बायका अशा पोहायच्या की गोरे खलाशी बघत राहायचे. अभिमान वाटायला हवा होता. मला तूच आठवलीस.

शेवटी मार्चात, एकाहत्तराव्या वर्षी, इथल्या सार्वजनिक तलावात नाव घातलं. शिकवणारी पोरगी नातीच्या वयाची. म्हणते, "मिस इमोजीन, मान सोडा. चर्चच्या बाकावर बसल्यासारख्या ताठ काय राहता?" गेल्या मंगळवारी मी पहिल्यांदा पाठीवर तरंगले. कान पाण्यात गेले. पोरीचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू येत होता तो फक्त माझा श्वास. तेव्हा कळलं, रॉस्को खरं सांगत होता. तुम्ही तिथे नुसते पडून राहायचात.

मत्सर गेला असं समजू नकोस. उलट वाढलाय. बोलणं असतं तर कधीतरी तू मला सांगितलं असतंस. ते गप्प राहणं सांगता येत नाही, आणि रॉस्कोच्या शेजारचं ते तुझ्याच वाट्याला आलं. म्हणून हे पत्र. या ऑगस्टात मी येतेय. तो जायचा तिथपर्यंत मला हाताला धरून ने. पोचल्यावर हात सोड, आणि तो तुझ्या ज्या बाजूला असायचा, ती बाजू मला दे.

तुझीच,
इमोजीन