बुडाशी चिकटलेलं बी

आई, घरामागच्या उतारावरचं कळकाचं बेट मेलं. अजून उभं आहे, पण पार वाळलेलं, वारा आला की नुसतं करकरतं. गेल्या हिवाळ्यात त्याला फुलोरा आला तेव्हा कुरवंड्यातल्या म्हाताऱ्या आपल्या अंगणाकडे न बघता जायच्या. कळक फुलला की वाईट दिवस येतात असं तूही सांगायचीस, पण तुला तो फुललेला कधी दिसला नाही. मला दिसला. भाताच्या लोंब्यांसारखे झुबके, मग उन्हाळाभर पत्र्यावर बी सांडल्याची तडतड, आणि मग सगळं बेट एकदम संपलं. तुझ्या तिरडीचे बांबू त्यातलेच होते.

मला फुलोऱ्याची भीती वाटत नाही, मातीची वाटते. तो उतार त्या मुळांनीच धरलेला होता. आता मुळं कुजतायत, आणि इथला पाऊस तुला माहीत आहे. वर बेटाच्या कडेला माझा हात जाईल एवढी भेग पडली आहे. रोज सकाळी देवापुढे दिवा लावायच्या आधी मी ती बघून येतो. सांडलेलं बी रुजलं असेल, त्याची रोपं जगली तर उतार पुन्हा धरला जाईल, एवढीच आशा. पण उतारभर हिरवंगार उगवलंय आणि त्यात कळक कुठला, गवत कुठलं, ते कळत नाही. गवत काढलं नाही तर ते रोपांना दाबून टाकणार, आणि काढताना रोपच उपटलं गेलं तर? आपण कळक कायम कंदाचा तुकडा पुरून लावला. बियाचं रोप गावात कुणीच बघितलेलं नाही. त्यातलं ओंजळभर उपटून लोणावळ्याच्या नर्सरीवाल्याला दाखवलं. तो हसला, "काका, पिशवीतलं रोप घ्या की! बियाच्या मागं कोण लागतंय?"

सून म्हणून तू जिला आणलीस ती दारातून बघत असते. परवा मी पावसात उकिडवा बसलो होतो तर म्हणाली, "अवो, गवताची पूजा मांडलीया का काय? माझा भाऊ घोरावाडीला रिकाम्या खोलीत या म्हणतोय, तितं जाऊ पाऊस सरंस्तवर." मी म्हणालो, "तुझ्या भावाच्या घरात मरण्यापेक्षा हितं मेलेलं बरं." ती हसली. मला हसू आलं नाही.

मग तुझं भाताचं खाचर आठवलं. मी शाळेतून आलोय, दप्तर बांधावर, आणि तू मला बेणणीला उतरवतेस. मी भात समजून गवत ठेवतो आणि गवत समजून भात उपटतो. तू माझ्या हातावर चापट मारतेस. "शेंड्याकडं काय बघतुयास? शेंडा समद्यांचा सारखाच. बुडाकडं बघ, कुनाच्या पोटचं हाय ते तितं कळतंय." चिखलात माझं बोट धरून तू खाली नेतेस, आणि मुळाशी जुन्या भाताचं फोलपट लागतं.

काल मी तसंच बोट खाली नेलं. पहिल्याच रोपाच्या बुडाशी बारीक, टोकदार फोल चिकटलेलं होतं, पत्र्यावर पडायचं तेच बी. पान नीट बघितलं तर देठाशी अरुंद होऊन, जणू मान काढून, काडीला लागलेलं. शेजारच्या गवताला तशी मान नव्हती. मी तिथेच हात जोडले. मग प्रत्येकाला बोट लावत गेलो आणि ज्याची खात्री पटली त्याच्याभोवती खडे मांडले. पण पुढे पुढे फोलं कुजून गेलेली, पानं इतकी कोवळी की मान आहे की नाही कळेना. तरी मी खडे मांडतच राहिलो. थांबायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी तिने विचारलं, "खडं मांडलेली समदी कळकाचीच नव्हं?" मी "व्हय" म्हणालो. आई, त्यातली निम्मी मला ओळखता आलेली नाहीत. आणि ओळखलेल्यांची मुळंही माझ्या करंगळीपेक्षा लांब नाहीत. ती काय धरणार?

हे तुला पाठवायची सोय नाही, म्हणूनच लिहिता आलं. आज सकाळी मी देव्हाऱ्यातले देव धडुत्यात बांधून दाराजवळच्या टोपलीत ठेवलेत. घासायला काढलेत, असं तिला सांगितलंय.