चष्मा न काढता

टक. काचेच्या टेबलावर चष्मा काढून ठेवल्याचा तो आवाज. आज इतक्या वर्षांनीही डोळे मिटले की आधी तोच ऐकू येतो, मग कॅमेऱ्याचा. म्हणून या कागदाची सुरुवातही त्यानेच करतो. वकिलांना हसू आलं तर त्यांनी हसावं.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंद्याने फोटोग्राफर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. उद्या माझं ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. आणू पाहणारे आले होते, ते पुढे येईलच.

कलम एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. त्यात वाद नाही.

कलम दोन. काटकोन तपासायचा माझा लोखंडी गुण्या शेजारच्या फ्रेमवाल्याला द्यावा. तीस वर्षं त्याने माझे फोटो तिरक्या चौकटीत बसवले आणि वर भिंतच वाकडी असल्याचं सांगितलं. मनात राग नाही. आहे, पण थोडा.

कलम तीन. शाळेतली कवितांची पुस्तकं, कव्हरं निखळलेली, ज्याला चालीवर म्हणता येतील त्याला. बाईंनी टेबलावर ताल धरून शिकवलेल्या त्या कविता मी स्टुडिओत म्हणत असे. लग्न जमवण्यासाठी फोटो काढायला मुली यायच्या, सोबत आई नाहीतर मावशी. चेहऱ्यावरचा ताण जावा म्हणून मी दोन ओळी म्हणायचो. मुलगी हसायची, आई नाही. नियम ठरलेले: चष्मा काढायचा, मान जराशी खाली, आणि मांडीवर माझ्याच दुकानातलं अर्धवट विणलेलं स्वेटर. ते एकच स्वेटर किती जणींनी विणलं! पुरं मात्र कधीच झालं नाही.

कलम चार, आणि खरं तर यासाठीच हा खटाटोप. स्टुडिओ, वरची खोली आणि सगळे कॅमेरे नातीला.

ती कारखान्यांतल्या यंत्रांचे फोटो काढते. दोन वर्षांपूर्वी घरच्यांच्या आग्रहामुळे तीही त्याच खुर्चीत बसली, कामावरच्या जाड बुटांसकट. मी सवयीने म्हणालो, चष्मा काढ.

"काढला तर मला समोरचं दिसणार नाही, आजोबा. तो मला बघणार, मग मी त्याला बघायला नको?"

मला एकही कविता आठवेना. फोटो चष्म्यासकट निघाला. माझ्या हातून निघालेल्या फोटोंत तोच मला सगळ्यात आवडतो.

लग्न नकोच असं तिचं म्हणणं नाही. मन जुळलं तर करीन म्हणते. डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून करणार नाही.

मुलाला हे पटत नाही. तो म्हणाला, "अट घाला, बाबा. लग्न झाल्यावरच ताबा. नाहीतर जन्मभर तिथेच बसेल ती." मी म्हटलं, मीही बसलोच की. त्यावर तो उठून गेला. सूनबाई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. तिचंही तेच मत असणार, असं मी धरून चाललो.

तरी लिहितो: अट कोणतीही नाही. लग्न केलं, नाही केलं, करून मोडलं, तरी स्टुडिओ तिचाच.

साक्षीदार दोन लागतात, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळता कामा नये, असं वकील बजावून गेले आहेत. डॉक्टर केव्हाचे समोर बसले आहेत. दुसरा समोरचा औषधवाला ठरला होता. मुलगा काल त्याच्याकडे जाऊन आला, आणि आज त्याचा सहीचा हात दुखतो आहे, औषधांचं दुकान असून. दुसरी सही मिळाली नाही तर हा कागद म्हणजे नुसती कविता.

ठिकाण: स्टुडिओ
दिनांक: ९ फेब्रुवारी
लिहून देणार: फोटोग्राफर
साक्षीदार एक: डॉक्टर
साक्षीदार दोन:

ता. क. इथवर लिहिलं आणि दार वाजलं. औषधवाल्याचा हात बरा झाला वाटतं, असं डॉक्टर म्हणाले. दारात सूनबाई उभी होती, ऑफिसची पिशवी खांद्याला, जिने चढून धाप लागलेली. इथे ती यापूर्वी कधी एकटी आली नव्हती. बसली नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "बाबा, यात माझ्या नावावर काही ठेवलंय?"

मला ओशाळल्यासारखं झालं. नाही, म्हटलं.

"मग बरं झालं. पेन द्या."