सत्कार साठ मीटरचा

तळवडे, ता. ८ जानेवारी

चि. रणजीत यास जयमालाताईचे अनेक आशीर्वाद आणि तेवढेच टोमणे. वि. वि.

प्रशिक्षकांनी शिबिरात सगळ्यांचे फोन काढून घेतले, हे उत्तम झालं. निदान त्या निमित्ताने आपल्या घरात कुणी कुणाला पत्र लिहिलं. अक्षर लागलं नाही तर ताईचं म्हणणं बरोबरच असणार, असं समजून पुढे वाच.

माहेरी दिघीत तुझी कीर्ती तुझ्याआधीच पोचली आहे. चौकात सयाजीदादांनी फ्लेक्स लावलाय, ‘भूमिपुत्र रणजीत, सुवर्णपदक विजेता’. तू अजून विमानातही बसलेला नाहीस, ही किरकोळ अडचण त्यांनी मनावर घेतली नाही. फ्लेक्सवर त्यांचा फोटो दरवाजाएवढा आणि तू खाली कोपऱ्यात, तोही दहावीच्या हॉलतिकिटावरचा. निवडणूक जवळ आली की त्यांना खेळाडू फार आवडतात. मागच्या खेपेला भजनी मंडळं आवडली होती.

तुझ्या दाजींना म्हटलं, तेवढा फ्लेक्स काढायला सांगा. ते म्हणाले, चाकणच्या कंपनीतलं आपलं कॅन्टीन सयाजीदादांच्या शब्दावर चालतं, तेव्हा पोह्यात मिरच्या किती घालायच्या एवढंच आपण ठरवावं.

आबांना मी शर्यत समजावली. छपराखाली पळायचं आणि तेही साठच मीटर, हे ऐकून म्हणाले, एवढ्यासाठी परदेशात कशाला जायाचं, आपला गोठा त्याच्याहून लांब हाय. तुझ्यासमोर कौतुक करायचं नाही असा त्यांचा पण आहे. मात्र दाढी करायला गेले की आख्ख्या दुकानाला तुझी गोष्ट ऐकावी लागते.

जेवत जा. लोभ आहेच, पत्राला उत्तर आलं तर तो टिकेल.

तुझी ताई

*

शिबिर, ता. १७ जानेवारी

ती. सौ. ताईस रणजीतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खोलीतल्या सगळ्यांनी वाचलं. आता मला इथे ‘गोठा एक्सप्रेस’ म्हणतात. आबांना धन्यवाद सांग.

त्यांना हेही सांग की साठ मीटर संपले की लगेच भिंत असते. तिला गाद्या लावलेल्या असतात आणि आम्ही जाऊन त्यांवर आदळतो. पळून झाल्यावर भिंतीवर डोकं आपटायची सोय असलेला हा एकच खेळ असावा.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. मोठ्या शर्यतीत सुरुवात चुकली तर पुढे सावरता येतं. इथे सावरायला जागाच नाही. पिस्तुलाचा बार व्हायच्या आधी जरा हललं की बाहेर, दुसरी संधी नाही. आणि माझं सगळं भांडवल सुरुवातीतच आहे, शेवटी मला कुणीही गाठतं.

तो फ्लेक्स जमलं तर उतरव. परत आल्यावर मला त्याच चौकातून घरी जायचं आहे.

आईला नमस्कार. आबांना काय सांगायचं ते तूच ठरव. लोभ ठेव, धार थोडी कमी कर.

तुझा रणजीत

*

शिबिर, ता. १० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस शि. सा. न.

तुम्ही सगळ्यांनी दाजींच्या मोबाइलवर पाहिलंच असेल. तरी माझ्या हाताने लिहितो.

पहिली फेरी मी माझ्या आजवरच्या सगळ्यांत चांगल्या वेळेत काढली. ताई, खरंच चांगला पळालो. उपांत्य फेरीत शेजारच्या लेनमध्ये गेल्या वर्षीचा विजेता होता. ‘सेट’ म्हटल्यावर सगळा हॉल गप्प झाला. एवढी शांतता आपल्याकडे कंपन्या बंद असतानाही नसते. त्या शांततेत मी सुटलो. बार नंतर झाला. पंचांनी समोर येऊन लाल कार्ड दाखवलं, अगदी नम्रपणे. एवढ्या नम्रपणे मला कुणी कधी हाकललं नव्हतं.

बाकीचे पुन्हा ओळीत उभे राहिले आणि मी कपड्यांची टोपली घेऊन आत गेलो. टॉवेल तोंडावर घेऊन बसलो. बऱ्याच वेळाने तो गेल्या वर्षीचा विजेता येऊन शेजारी बसला. तोही हरला होता. भाषा दोघांनाही कळेना, मग त्याने सुके जर्दाळू पुढे केले. दोघांनी मिळून ते संपवले.

परत आल्यावर सयाजीदादांचा फोन प्रशिक्षकांकडे आला. येत्या रविवारी सत्कार आहे. मी म्हटलं, दादा, मी बाद झालो. ते म्हणाले, परदेशात झालं ते परदेशात राहिलं, तू फक्त येऊन उभा राहा, पदकाची व्यवस्था आम्ही करतो. वर चाकणला कायमची नोकरी लावून देतो म्हणाले. मी नाही म्हणालो नाही. सराव आहे, सुट्टी मिळत नाही, म्हणालो. बघ, पळायला मला चांगलंच येतं.

आबा काय म्हणाले, ते लिही. काहीच म्हणाले नसतील तर तेही लिही.

लोभ असू दे, सध्या तो लागणार आहे.

रणजीत

*

तळवडे, ता. १९ फेब्रुवारी

चि. रणजीत यास आशीर्वाद. टोमणे आज उधार.

सत्कार थाटात झाला. सत्कारमूर्ती नाही म्हणून काही अडलं नाही. जेसीबीतून फुलं उधळली, ती बरीचशी वाहतूक पोलिसाच्या अंगावर पडली. फेटे होते, डीजे होता. तुझ्या वतीने पदक घ्यायला आबांना आणि मला स्टेजवर बोलावलं. पदक पिवळं धमक होतं. मागच्या बाजूला कुठल्याशा क्रिकेट स्पर्धेचं नाव खरवडलेलं दिसत होतं.

सयाजीदादांनी ते आबांच्या गळ्यात घालायला हात वर केले. आबांनी मान खाली घातली नाही. तसेच ताठ उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. मग मी माइक घेतला.

मी एवढंच म्हणाले, “माझा भाऊ सुवर्णपदक जिंकलेला नाही. उपांत्य फेरीत तो बार व्हायच्या आधी सुटला म्हणून बाद झाला. त्याच्याआधीची फेरी तो फार चांगला पळाला. टाळ्या वाजवायच्या असतील तर तेवढ्यासाठी वाजवा.”

कुणीतरी घाईने डीजे लावला, त्यामुळे टाळ्या वाजल्या की नाही ते कळलं नाही. पुढच्या रांगेतली आई वाजवत होती, ते दिसलं.

आता बाकीचं. तुझे दाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कंपनीतून निरोप आला, महिनाअखेरीस कॅन्टीन सोडा. काल रात्री जेवताना हे म्हणाले, तू बोललीस ते खरंच होतं, पण आधी मला विचारायचं होतंस. मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. ते हो म्हणाले आणि भात वाढून घेतला. आता काळेवाडीत नाश्त्याची गाडी लावायची म्हणतात. मी घाबरले आहे, रणजीत. तरी पुन्हा वेळ आली तर हेच करीन.

आणि आबा. सत्कारातून आम्ही चालत घरी आलो. वाटेत त्यांनी विचारलं, पोरगं लवकर सुटलं म्हंजी किती लवकर? मी म्हटलं, डोळ्याची पापणी लवते ना, त्याच्याहूनही कमी. दारात चपला काढताना म्हणाले, “लिही त्याला. म्हणावं, एवढ्याशानं मानूस खोटा ठरत न्हाई. पर आता रविवारी घरी ये. चौकातनंच ये.”

तेव्हा ये. फ्लेक्स सयाजीदादांनी दुसऱ्याच दिवशी उतरवला, त्यामुळे रस्ता मोकळा आहे.

तुझी ताई